नसलेल्या साहेबाचा बटलर

माझ्या बापाला भिंगारच्या कॅम्पात बावीस वर्षं सगळे ‘बटलर’ म्हणत आणि पुढची पंधरा वर्षं ‘शर्टवाला’. मधे गेला फक्त दीड महिना. त्या दीड महिन्यात काय झालं ते आज सांगतो, आणि ज्यांनी ज्यांनी त्यांना शर्टवाला म्हटलं त्यांनी कान उघडे ठेवून ऐकावं. त्यातला पहिला मीच.

शांतवन भिंगारदिवे. उंचीनं बेताचे, अंगानं काटक, बोलायला मोजके. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकले आणि विसाव्या वर्षी साहेबाच्या टेबलापाशी उभे राहिले. पांढरा कोट, कमरेला पट्टा, डोक्याला फेटा. कोणत्या साहेबाला अंडं किती उकडलेलं लागतं, कोणाला सकाळी बोललेलं खपत नाही, कोणाच्या मडमेचं पत्र आलं की त्या दिवशी समोर जायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ. घरी आमच्या हातून भरलेलं ताट सांडलं तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. मला त्याचाच राग यायचा. माझं डोकं आईवर गेलंय, लगेच तापतं.

बटलर लोकांची इस्टेट म्हणजे चिठ्ठ्या. साहेबाची बदली झाली की जाताना तो लिहून द्यायचा, माणूस प्रामाणिक आहे, दारूला शिवत नाही, याच्या हाती घर सोपवून खुशाल शिकारीला जावं. ती चिठ्ठी दाखवली की पुढची नोकरी. बाबांकडे अशा अकरा होत्या, पत्र्याच्या डब्यात, बायबलाशेजारी. एकीवरही डाग नव्हता.

सन त्रेचाळीस. मी फौजेत ड्रायव्हर होतो, ब्रह्मदेशाच्या हद्दीवर आराकानच्या जंगलात, रसदीच्या ट्रकवर. घरी माझं महिन्याला एक पत्र यायचं, त्यातलं निम्मं सरकारनं काळ्या शाईनं खोडलेलं. एकुलता एक पोरगा. माझी आई मरिया टपाल यायच्या वेळेला रोज फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि हात हलवत परत यायची. बाबा विचारायचे नाहीत. तिच्या चालण्यावरनंच त्यांना कळायचं.

नाताळच्या आधी दोन आठवडे कॅप्टन रीडनं बाबांना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. हा रीड तरुण होता, हिंदुस्थानी तोडकंमोडकं बोलायचा. म्हणाला, “शांतवन, उद्यापासून तू सात नंबरच्या बंगल्यावर. मेजर टालबोटसाहेबाची चाकरी.”

“जी साहेब. साहेब कधी येणार?”

“येणार नाही. असा कोणी माणूसच नाही.”

बाबांना वाटलं आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलं. मग रीडनं त्यांना खुर्ची दिली. बावीस वर्षांत साहेबानं दिलेली ती पहिली खुर्ची, आणि बाबा तिच्या कडेला नुसते टेकले.

भानगड अशी होती. कॅम्पातून कोणीतरी शत्रूला खबर पोचवत होतं. कोण, ते सापडत नव्हतं. खबर अडवता येत नाही तर निदान खोटी तरी जाऊ द्यावी, असा वरच्यांचा बेत. म्हणून हा टालबोट. जहाजातून किनाऱ्यावर रणगाडे उतरवण्यातला म्हणे मोठा उस्ताद. तो नगरला बंगल्यात दडून नकाशे काढतोय असं कॅम्पभर झालं की शत्रूला वाटणार, हल्ला समुद्रावरनं होणार, दूर खाली रंगूनकडे. मग तो आपली माणसं तिकडं अडकवून ठेवणार आणि आराकानकडे कमी पाठवणार. फेब्रुवारी उजाडेपर्यंत एवढं निभवायचं.

“तुझा मुलगा आराकानातच आहे ना?” रीडनं विचारलं.

बाबांनी मान हलवली. रीडनं टेबलावरचं बायबल पुढं सरकवलं. म्हणाला, मी स्वतः सांगेपर्यंत यातला शब्द कोणाला कळता कामा नये, बायकोला नाही, पाळकाला नाही. बाबांनी हात ठेवला आणि शपथ घेतली. आमच्या घरात शपथ म्हणजे थट्टा नव्हती. पत्त्यांत सुद्धा कोणी शपथ घातली तर आजी तोंडावर मारायची.

रीडनं बंगला सजवला होता. ट्रंका, टोप्या, टेबलावर भुऱ्या केसांच्या एका साहेबाचा फोटो, शेजारी त्याच्या बायकोचा, विलायतेचे शिक्के मारलेली पत्रं. मोठ्या खुशीनं त्यानं विचारलं, “कसं काय?”

बाबांनी सगळीकडे नजर फिरवली. म्हणाले, “साहेब, हे साहेबलोकांना फसवायला ठीक हाय. नोकरांना न्हाई फसवता येनार.”

आणि अहो, खरंच होतं ते! साहेबाला ओळखतात कोण? त्याचे नोकर. आणि तेही त्याच्या तोंडाकडं बघून नाही. खानसाम्याला ताटात परत आलेल्या हाडकांवरनं कळतं. बाथरूमचं भांडं न्यायला बायडाबाई यायची, तिला काय कळतं ते सांगायला नको. छगन परिटाला कपड्यांवरनं कळतं. रीडनं सहा कोरे शर्ट धुवायला टाकायला काढून ठेवले होते. बाबांनी ते तसेच ट्रंकेत परत ठेवले. कोरा शर्ट धुवायला दिला असता तर छगननं त्याच दिवशी बोंब मारली असती.

तेव्हापासून माझा बाप दोन माणसं झाला. दाराबाहेर बटलर, दाराआत मेजर. श्रीमंत नावाचा खानसामा जेवण आणून दाराशी द्यायचा, बाबा आत नेऊन काट्याचमच्यानं निम्मं खायचे, निम्मं टाकायचे. आयुष्यात विडी ओढली नव्हती, तो माणूस रोज पाच सिगारेटी जाळून थोटकं बशीत दाबायचा आणि खोकून खोकून डोळे लाल करायचा. व्हिस्की मोरीत ओतायची, पण ग्लासाला वास राहील एवढी ठेवायची. पलंगावर लोळून चादर चुरगाळायची. त्या भांड्याचं कामही त्यांनाच करावं लागायचं, आणि तेवढं मला सांगताना ते म्हातारपणी सुद्धा लाजले होते.

शर्टाची मात्र पंचाईत झाली. डिसेंबरातलं नगर, थंडीनं दात वाजतात, घाम यायचा कुठून? तर बाबा दार लावायचे, पडदे ओढायचे, फेटा उतरवायचे, मेजरचा शर्ट अंगात घालायचे आणि आत उठाबशा काढायचे. शंभर, दोनशे. बाहेर श्रीमंतला धपधप ऐकू यायची. त्यानं विचारलं तर सांगायचं, “साहेब कसरत करतोय.” जोराजोरानं दम टाकायचा, मधेच इंग्रजीत खेकसायचं. बाबांनी इतक्या साहेबांचं खेकसणं ऐकलं होतं की ते त्यांना हुबेहूब यायचं. एकदा श्रीमंत इतका घाबरला की त्यानं दाराबाहेरनंच सलाम ठोकला.

आज हसू येतं. तेव्हा जीव टांगणीला होता. मेजर कधी दिसायचा नाही, दिसला तर बंद मोटारीत टोपी घातलेला, लांबनं, आणि तो असायचा रीडच. कॅम्पात कुजबुज वाढत चालली. आणि कुजबुज कोणत्या कानाशी जाऊन थांबते ते बाबांना माहीत नव्हतं. हा श्रीमंत असेल का? बायडाबाई? पाव विकायला सायकलवर येणारा कानिफनाथ? तो फार चौकशा करायचा. साहेब पाव किती खातो, पाहुणे येतात का, सामान बांधलं का. तो खबऱ्या होता की नुसताच भोचक, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण बाबा त्याच्यापुढं असे उभे राहायचे की हातातला ट्रे हलू नये. एक शब्द चुकला की तिकडं योसेफवर, म्हणजे माझ्यावर, बेतेल, एवढंच डोक्यात.

घरीही सुख नव्हतं. आईला नवऱ्याच्या तोंडाला सिगारेटीचा वास आला. एकदा नाही, रोज. तिनं विचारलं, “अहो, हे काय नवीन?” बाबा हातपाय धुवायला गेले. “पोरगं तिकडं मरणाच्या दारात, आणि तुम्हाला हे सुचतंय?” ती रडली, भांडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन बसली. नवऱ्याच्या डोक्याला खोबरेल चोळल्याशिवाय तिनं त्यांना लग्नापासून कधी कामावर जाऊ दिलं नव्हतं. रागावली असली की जास्तच रगडायची.

चूक झाली ती इथं. साहेबापुढं बटलरच्या डोक्यावर कायम फेटा. बावीस वर्षं ते तेल फेट्यानं पिऊन टाकलं, कोणाच्या नजरेला आलं नाही, आणि बाबांच्याही मनात आलं नाही. सिगारेट, व्हिस्की, हाडकं, भांडं, सगळ्याचा विचार केला. स्वतःच्या डोक्याचा नाही केला. नगरकडच्या माणसाला डोक्याला तेल असणं म्हणजे पायाला जमीन असण्यासारखं, त्याचा काय विचार करायचा?

जानेवारीच्या विसाव्या तारखेला दुपारी छगन परीट धुणं घेऊन मागच्या ओसरीत आला. श्रीमंत भाजी निवडत होता, बायडाबाई झाडत होती, कानिफनाथ सायकल टेकवून पाव मोजत होता. बाबा दारात. मेजर आत ‘झोपलेला’. छगन मोकळ्या मनाचा, मोठ्यानं बोलायची सवय. त्यानं गाठोडं सोडलं आणि म्हणाला,

“भिंगारदिवे, तुमचा सायेब डोक्याला खोबरेल चोपडतो का वो? लई सोडा घातला, उकळून काढलं, पन कालरीचा डाग काय जाईना!”

सगळे हसले. बाबाही हसले. डॉक्टरनं सांगितलंय, डोक्याची कातडी सुकलीय, असं काहीतरी सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात छगननं धुवायच्या ढिगातला एक शर्ट उचलला, कॉलर उजेडाकडं धरली आणि चिमटीनं काहीतरी ओढून काढलं.

“ह्यो बगा. केस. काळा कुळकुळीत!”

बायडाबाईचा झाडू थांबला. मेजरचा फोटो टेबलावर होता, सगळ्यांनी खिडकीतनं पाहिलेला होता. भुऱ्या केसांचा माणूस. कानिफनाथनं पाव खाली ठेवला. हळूच म्हणाला, “आत ऱ्हातंय तरी कोन, बटलर? गोराच हाय ना?”

बाबा सांगायचे, त्या वेळी मला मेजर दिसला नाही, रीड दिसला नाही. मला तू दिसलास, ट्रकवर. अकरा दिवस उरले होते. आता हा माणूस फाटकाबाहेर गेला की सांगणार, सात नंबरात मेजर नाही, कोणीतरी काळ्या केसांचा देशी माणूस आहे. मग पंधरा दिवसांत तिकडं जंगलात शत्रूची माणसं वळणार. विचार करायला श्वास घेण्याइतकाही वेळ नव्हता.

बाबा मटकन ओसरीवर बसले. फेटा काढला, तेलानं चमकणारं डोकं सगळ्यांपुढं धरलं.

“त्यो केस माझा हाय,” म्हणाले. “शर्ट मीच घातला. सायेब बाहेर गेला की घालून आरशात बगायचो. पाया पडतो, सायेबाला सांगू नका.”

आणि खरंच पाया पडले हो! छगनच्या, श्रीमंतच्या, कानिफनाथच्या सुद्धा. बावीस वर्षं जो माणूस कॅम्पातल्या नोकरांना शिस्त शिकवत होता, तो त्यांच्या पायांवर डोकं घासत होता. नाटक होतं का? बाबा म्हणाले, सुरुवात केली तेव्हा नाटक होतं, मग रडू खरंच आलं.

साहेबाचा कपडा अंगात घालणं म्हणजे नोकरांत चोरीपेक्षा वाईट. चोर निदान पोटासाठी चोरतो, हा साहेब व्हायला निघाला! श्रीमंत गेली सहा वर्षं बाबांच्या जागेवर डोळा ठेवून होता. सांगू नका म्हटल्यावर तो सांगणार, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. तो तसाच उठला आणि रीडच्या ऑफिसाकडं पळाला.

आता खरी भीती रीडची होती. त्याला आधी भेटायला मिळणार नव्हतं. हा पोरसवदा साहेब हसून म्हणाला, “जाऊ दे, माफ केलं,” तर संपलंच. आपला शर्ट घातलेल्या बटलरला कोणता मेजर माफ करतो? माफी झाली की कानिफनाथला कळणार, पाणी मुरतंय.

श्रीमंतनं परत येऊन बाबांना दंडाला धरून नेलं आणि ऑफिसात उभं केलं. सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. रीड ऐकत राहिला आणि त्याच्या तोंडावर खरंच दया दिसायला लागली. बाबांनी ते पाहिलं आणि मधेच बोलले. साहेबानं विचारल्याशिवाय बोलले, तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

“साहेब, मेजरसाहेब जागे झालेत. फार संतापलेत. म्हणाले, या माणसाला दया नाही. आजच्या आज फाटकाबाहेर.”

रीडनं बाबांकडं पाहिलं. बाबांनीही नजर काढली नाही. मग त्याला कळलं, समोरचा माणूस काय मागतोय. त्यानं कागद ओढला आणि चिठ्ठी लिहिली. ती बारावी चिठ्ठी मी पाहिली आहे. ‘अप्रामाणिक. मालकाचे कपडे वापरतो. कॅम्पात कोणी कामावर ठेवू नये.’ सही वाकडी आहे. मग तो श्रीमंतसमोर ओरडला, शिव्या दिल्या, शिपायाला बोलावलं. भर दुपारी शिपायानं बाबांना बोडक्या डोक्यानं कॅम्पातनं चालवत फाटकाबाहेर काढलं. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कोणीतरी ओरडलं, “शर्टवाला!” तिथून ते नाव लागलं.

पुढच्या अकरा दिवसांत रीडनं पुण्याहून आपला एक माणूस आणून मेजर सांभाळला. एकतीस तारखेला मेजर टालबोट बंद मोटारीतनं पेटाऱ्यांसकट मुंबईकडं ‘गेला’. अख्ख्या कॅम्पानं पाहिलं. कोणाला शंका नव्हती. काळ्या केसाचा उलगडा झाला होता ना!

चर्चच्या पाळकांनी बाबांना बोलावलं. विचारलं, “शांतवन, तू शर्ट चोरलास का?” बाबा म्हणाले, “घातला, पाळकसाहेब.” पाळकांनी तीनदा विचारलं, बाबांनी तीनदा तेवढंच उत्तर दिलं. देवळात खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. मंडळीनं त्यांना वर्षभर प्रभुभोजनातून, भाकर-द्राक्षरसाच्या विधीतून, वगळलं. आई त्या रविवारी शेवटच्या बाकावर बसली. रीडची महिन्याभरात बदली झाली. जाताना तो भेटला नाही, शपथ मोकळी केली नाही.

कॅम्पात कोणी दारात उभं करेना. म्हणून दोघं कोल्हारला गेले, माझी आत्या गोजरबाई होती तिच्याकडं. प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस. माझा बाप, ज्याला सात तऱ्हेचे काटेचमचे मांडता यायचे, तो गुडघाभर चिखलात उभा राहून उसाला पाणी द्यायला लागला.

मी सेहेचाळीसला परत आलो. भिंगारात टांग्यातनं उतरलो तर टांगेवाला दुसऱ्याला म्हणतो, “ह्यो शर्टवाल्याचा पोरगा न्हवं का?” माझी सोयरीक ठरत आलेली मोडली, याच कारणानं. डोकं फिरलं माझं. तसाच कोल्हारला गेलो. बाबा बांधावरनं धावत आले, चिखलाच्या हातांनी माझे खांदे, दंड, पाय चाचपून बघायला लागले. आणि मी काय केलं? पिशवीतनं फौजेतला एक नवा शर्ट काढला आणि त्यांच्या पायाशी टाकला.

“घाला हा. आता तरी दुसऱ्याचा चोरू नका.”

आई “योसेफ!” म्हणून किंचाळली. बाबांनी वाकून शर्ट उचलला, चिखल लागू नये म्हणून लांब धरला. “चांगला हाय,” म्हणाले. “तू आलास.” बस्स. पुढची दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. तोंड जळो माझं.

अठ्ठेचाळीस साली मी नगर–कोल्हार सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो. एक दिवस राहुरीला छगन परीट गाडीत चढला, माझ्या शेजारच्या सीटवर बसला. म्हातारा झाला होता. माझ्याकडं वळून म्हणाला, “इंग्रज गेलं. आता बोलाया हरकत न्हाई. तुझा बाप चोर न्हवता.”

मी म्हटलं, “काका, जखमेवर मीठ नका चोळू.”

“आरं, ऐक तरी! हौसंखातर घालनारा एकांदा शर्ट घालतो. म्या पाच आठवडं त्या बंगल्याचं धुतलं. सगळ्या शर्टांच्या कालरीला त्योच डाग, अन् सगळ्यांत त्योच एक घाम. त्या मेजराचा सोताचा घाम म्या एकदा बी धुतला न्हाई. अंगात न घालता कुनी शर्ट मळवतं व्हय? त्या बंगल्यात सायेबच न्हवता, लेकरा. मला त्याच सांच्याला उमगलं. पन तुझा बाप माझ्या पायावर डोकं घासताना असं काय बगत हुता, की म्या व्हटच शिवलं.”

माझ्या हातातनं गाडी रस्त्याकडेच्या चारीत जाता जाता राहिली. प्रवासी शिव्या द्यायला लागले. कोल्हारला गाडी उभी केली आणि क्लीनरला “येतो” म्हणून सांगून मी तडक उसात गेलो.

बाबा उसाला पाण्याची दारं धरत होते. मी विचारलं, “बाबा, तो मेजर होता का?”

“व्हता की. लई कडक मानूस.” फावडं चाललेलंच.

“छगनकाकांनी सांगितलं मला.”

फावडं थांबलं. बाबा इतके घाबरले की मला त्यांच्याकडं बघवेना. चहूकडं बघितलं, चार कोसांत माणूस नव्हता, तरी कुजबुजले, “कुनाला बोललास?”

“बाबा, लढाई संपून तीन वर्षं झाली. साहेब विलायतेला गेले. देश स्वतंत्र झाला!”

“रीडसायेबानं अजून सांगितलं न्हाई,” बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी ती शपथ अजून चालू होती. मी त्यांचे चिखलाचे पाय धरले, लहान पोरासारखा हट्ट केला. शेवटी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं ते. सांगताना एकदाही त्यांनी माझ्यावर उपकार दाखवला नाही, की बघ, तुझ्यासाठी केलं. ते मलाच कळत गेलं. वचन मात्र घेतलं, मी मेल्याशिवाय कुठं बोलायचं नाही, मंडळीत सुद्धा नाही. ते मी पाळलं. त्यांना एकोणसाठ साली माती दिली, त्यानंतरच मी तोंड उघडलं, आणि तोवर निम्मी मंडळी मातीत गेली होती.

पण त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर बाबांनी फावड्याचा चिखल पुसला. मग विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. चार वर्षं हा प्रश्न त्यांच्या पोटात होता, हे त्यांच्या आवाजावरनं मला कळलं.

“योसेफ, त्या फेब्रुवारीत तू कुटं हुतास? उपेग झाला का रं त्याचा?”

आता मी काय सांगू? त्या फेब्रुवारीत मी आराकानात नव्हतोच. काविळीनं चितगावच्या दवाखान्यात पिवळा पडून होतो, महिनाभर. आणि शत्रू आला होता. नेमका आमच्याच रस्त्यावर आला, ढीगभर माणसं घेऊन. माझा ट्रक माझ्या जागी श्रीगोंद्याचा भीमा चालवत होता. माझ्याच ताटात जेवायचा तो. त्याचं काही सापडलं नाही. टालबोट कोणाच्या कानापर्यंत पोचला, कोणाला अडकवून ठेवलं, आणखी वाईट व्हायचं होतं ते टळलं की काहीच टळलं नाही, देवाला माहीत. माझ्या रस्त्यावर तरी काही टळलं नव्हतं.

बाबा माझ्या तोंडाकडं बघत होते. बावीस वर्षांचं नाव त्यांनी एका दुपारी देऊन टाकलं होतं, आणि त्याचं काय झालं एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“मी तिथंच होतो, बाबा,” मी म्हणालो. “रोज त्याच रस्त्यानं गाड्या नेत होतो. आम्हाला वाटलं होतं, येणार, येणार. कोणी आलंच नाही. आम्ही म्हणायचो, गेले कुठं सगळे? रस्ता मोकळा.”

“एक बी गोळी न्हाई?”

“एक बी न्हाई.”

मी आयुष्यात इतकं सफाईदार खोटं कधी बोललो नव्हतो. कोणत्या वळणावर चहा प्यायचो, कोणता पूल लागायचा, सगळं रंगवून सांगितलं. बाबा ऐकत होते, मान हलवत होते, आणि मग हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“मग बरं झालं,” म्हणाले, आणि फावडं घेऊन उठले, कारण पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं होतं.

मी तिथंच बसून भीमासाठी ढसाढसा रडलो. बाबा लांबनं वळून म्हणाले, “आरं येड्या, आता कशाला रडतोस? वाचलास न्हवं!”